आय७ जुना की आय३ नवा? आणि मधल्याचं काय?

"दादा, मी घरून भाषांतराचं काम करते. माझा डेस्कटॉप फार जुना आहे, विंडोज ७ वाला, चालू करून कपडे वाळत घालून आले तरी स्क्रीनवर गोल फिरतच असतं. आता बदलायचाच आहे पण बजेट एकदम टाइट. तीन पर्याय समोर आलेत. पहिला, सेकंडहँड आय७-४७७०, १६ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, बजेटच्या निम्म्यात बसतो. दुसरा, नवाकोरा आय३-१२१००, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, यात सगळं बजेट संपतं. तिसरा, रिफर्बिश्ड आय५-८५००, १६ जीबी रॅम, ६ महिने वॉरंटी, किंमत दोन्हींच्या मधली. दीर म्हणतात आय७ तो आय७, डोळे झाकून घे. दुकानदार म्हणतो आता जुनं काही घेऊच नका, सरळ एआयवाला घ्या, हप्ते करून देतो. मुलगा प्रोग्रामिंग शिकतोय, अधूनमधून गेम खेळतो. मॉनिटर जुनाच वापरायचाय. काय करू? – गोंधळलेली वाचक"

ताई, आधी उत्तर सांगून टाकतो, कारणं मागाहून. तिसरा घ्या. आय५-८५०० वाला. आणि जे पैसे वाचतील ते लगेच दुसरीकडे उडवू नका, त्यातले थोडे याच मशीनवर लावायचेत, कुठे ते खाली येईलच.

आता दिरांचं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही कारण निम्मं जग असंच म्हणतं, आणि जाहिरातीही तशाच असतात, "आय७, १६ जीबी, एकदम टकाटक" एवढंच लिहितात आणि जनरेशन सोयीस्कर विसरतात. पण आय३, आय५, आय७ ही त्या-त्या वर्षीच्या वर्गातली हजेरी आहे, सगळ्या वर्षांची मिळून नाही. खरी गोष्ट पुढच्या आकड्यात असते. ४७७० मधला पहिला ४ म्हणजे चौथी जनरेशन, साल २०१३. ८५०० मधला ८ म्हणजे आठवी, २०१८. १२१०० मधले पहिले दोन आकडे म्हणजे बारावी, २०२२. आता गंमत बघा, २०१३ च्या त्या आय७ मध्ये ४ कोअर (म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात) ८ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), आणि २०२२ च्या त्या बिचाऱ्या आय३ मध्येही ४ कोअर ८ थ्रेडच. गिगाहर्ट्झ बघाल तर एक ३.९ पर्यंत जातो, दुसरा ४.३ पर्यंत, म्हणजे कागदावर जवळपास सारखेच. तरी एका कोअरच्या कामात आय३ दीडपटीच्या आसपास पुढे निघतो. कारण गिगाहर्ट्झ म्हणजे रहाट मिनिटाला किती फेरे मारतो एवढंच, प्रत्येक फेऱ्याला वर येणारी बादली केवढी आहे ते तो आकडा सांगत नाही, आणि दर दोन-तीन जनरेशनला ही बादली मोठी होत गेलीय. तुमचा मधला आय५-८५०० हा ६ कोअरवाला, म्हणजे "आय५ म्हणजे आय७ पेक्षा खालचा ना" अशी शंका मनात असेल तर ती काढून टाका, ४७७० पेक्षा तो वरचाच आहे, आणि वीज कमी खातो ते वेगळं, ८४ वॉटच्या जागी ६५ वॉटचं रेटिंग.

पण खरं सांगू का, स्पीडसाठी मी पहिला पर्याय बाद केला नाही. स्पीडवर तो आय७ तुमचं वर्ड, एक्सेल, ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब सगळं आजही रेटून नेईल. तो बाद झाला तो विंडोजमुळे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यानंतर घरगुती कॉम्प्युटरला सिक्युरिटी अपडेटची वाढीव मुदत जाहीर केली ती एका वर्षाची. आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, एएमडीचा असेल तर रायझन २००० सिरीजपासून पुढचा, शिवाय टीपीएम २.० नावाची सिक्युरिटीची चिप. चौथ्या जनरेशनच्या मशीनमध्ये ही चिप असलीच तर बहुधा १.२ व्हर्जनची. आता कोणीतरी म्हणेल की अहो जुगाड आहे ना, पेन ड्राइव्हवर अमुक केलं की ११ चढतं. चढतं, मी पण चढवलंय. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट बांधून देत नाही, आणि तुमच्याकडे क्लायंटची गोपनीय कागदपत्रं येत असणार, करारनामे, मेडिकल रिपोर्ट, तिथे हा खेळ नको.

लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, ती का नाही, हा प्रश्न मुलगा विचारेलच. त्याच्यासाठी लिनक्स मस्त आहे, मिंट वगैरे त्या चौथ्या जनरेशनवर पण लोण्यासारखं चालेल, देवनागरी टायपिंगसुद्धा नीट होतं. अडचण तुमची आहे. ट्रॅडॉस किंवा मेमोक्यूच्या फायली पाठवणारे क्लायंट असतील तर ही दोन्ही भाषांतराची डेस्कटॉप सॉफ्टवेअरं विंडोजवरच चालतात. ओमेगा-टी वर काम करत असाल तर मात्र मोकळ्या आहात, ते दोन्हीकडे चालतं आणि फुकट आहे. तुम्ही पत्रात सॉफ्टवेअरचं नाव लिहिलं नाहीत म्हणून मी विंडोज लागणारच असं धरून चाललोय.

आता एक माझी गोष्ट सांगतो, कारण त्या १ टीबी हार्ड डिस्कबद्दल बोलायचंय. मी एकदा असाच भुलून एक जुना आय७-२६०० वाला टॉवर आणला होता, विकणाऱ्याने बाहेरून पुसून चकाचक केलेला. घरी आणून चालू केला तर बटण दाबल्यापासून माऊस हलवण्यासारखा व्हायला दोन मिनिटं, आणि क्रोम उघडलं की मागे घर्रर्र घर्रर्र. मला वाटलं प्रोसेसर गेला. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू आरामात ९ टक्क्यांवर पाय पसरून बसलेला आणि डिस्क सलग १०० टक्के. म्हणजे स्वयंपाकी रिकामा आणि कोठीतून सामानच येत नाही. साइडचं झाकण काढलं तर फॅनवर धुळीची अक्षरशः गोधडी, आणि हीटसिंक, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा, उचलला तर खालची पेस्ट खडूसारखी सुकून पापुद्रे पडलेली. धूळ झटकली, पेस्ट नवी लावली, आणि एक साधी साटा (नेहमीच्या केबलने जोडायची) एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली चिपवाली डिस्क, टाकून विंडोज नव्याने चढवलं, बाकी काही म्हणजे काही बदललं नाही. वीस-बावीस सेकंदांत डेस्कटॉप समोर! तोच प्रोसेसर, तीच रॅम. फिरत्या तबकडीला एखादी बारीक फाइल हुडकायलाच साधारण १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा शंभरावा भाग, आणि विंडोज चालू होताना अशा हजारो बारीक फायली एकामागून एक मागत असतं. तुमचं ते कपडे वाळत घालेपर्यंत फिरणारं गोल, ते बहुतेक याच्यामुळेच आहे.

म्हणून तिसरा घेताना पहिला प्रश्न हा विचारा की आत एसएसडी आहे का, कारण तुम्ही पत्रात त्याची रॅम लिहिलीत पण डिस्क लिहिली नाहीत. असेल तरी ती किती वापरलेली आहे ते बघा. आणि माझं ऐकाल तर वाचलेल्या पैशातून एक नवीन ५०० जीबीची एसएसडी घ्या आणि विंडोज तिच्यावर टाका. जुनी हार्ड डिस्क असली तर नुसती साठवणीला ठेवा. या काळातल्या बहुतेक ऑफिस मशीनच्या बोर्डवर एम-डॉट-टू चा खाचा असतो, त्यात एनव्हीएमई नावाची जास्त वेगवान एसएसडी बसते, साटावाली ५५० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास अडकते आणि ही ३००० च्या पुढे जाते. पण खरेदीआधी बोर्डवर तो खाचा आहे ना हे बघून घ्या, आणि नसला तर साटा घ्या, वर्ड आणि ब्राउझरच्या कामात तुम्हाला दोन्हींतला फरक जाणवणारसुद्धा नाही.

मग नवाकोरा आय३ का नाही? हे लिहिताना मी थोडा अडखळलो, कारण तो वाईट नाही, उलट त्याच्या कोअरचा वेग तिघांत सगळ्यात जास्त आहे, वॉरंटी पूर्ण, आणि त्याचं आयुष्यही जास्त. आय५-८५०० विंडोज ११ च्या उंबरठ्यावर उभा आहे हे लक्षात ठेवा, पुढची रेघ मायक्रोसॉफ्टने जिथे कुठे मारली तर आठवी जनरेशन पहिली बाहेर जाणार. पण तुम्हीच लिहिलंय की त्यात सगळं बजेट संपतं. आणि मिळतंय काय तर ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. विंडोज ११, ट्रॅडॉस, ब्राउझरमध्ये तीन-चार शब्दकोश, वर व्हिडिओ कॉल, यात ८ जीबी कधी भरली ते कळत पण नाही, आणि मग वरून रॅम घ्यावी लागणार, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कसे चढलेत ते वेगळं सांगायला नको, सगळा माल एआयच्या डेटा सेंटरकडे जातोय. म्हणजे ज्यात १६ जीबी आधीच भरलेली आहे त्या मशीनची किंमत तुम्ही त्या हिशोबाने बघा. हां, चार-सहा महिने थांबून थोडे पैसे जमणार असतील आणि हा कॉम्प्युटर सात-आठ वर्षं चालवायचा असेल तर मी आय३-१२१०० ला हो म्हणेन, फक्त रॅमची एकच ८ ची पट्टी आहे आणि दुसरा स्लॉट रिकामा आहे एवढं बघून. दुसरी पट्टी टाकली की इनबिल्ट ग्राफिक्सलाही जोर येतो.

एक सांगायचं राहिलं, रॅम पिढीनुसार बदलते. आय७-४७७० ला डीडीआर३, आय५-८५०० ला डीडीआर४. आय३-१२१०० ला बोर्ड जसं असेल तसं ४ नाहीतर ५. एकाची दुसऱ्यात बसतच नाही, मधली खाच वेगळ्या जागी असते. त्यामुळे "जुन्याची रॅम काढून नव्यात घालू" हा बेत कोणी सुचवला तर हसून सोडून द्या.

दुकानदाराच्या एआयवाल्याबद्दल फार लिहीत नाही. कोपायलट प्लस (मायक्रोसॉफ्टचा एआय कॉम्प्युटरचा शिक्का) म्हणून जे मिरवतात त्याला ४० टॉप्सचा एनपीयू, म्हणजे एआयचं काम करणारा वेगळा भाग, लागतो, टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप, आणि गंमत म्हणजे इंटेलचे २०२४ मध्ये आलेले कोअर अल्ट्रा २०० सिरीजचे डेस्कटॉप प्रोसेसर, त्यांच्यातला एनपीयू १३ टॉप्सचा. म्हणजे हप्ते भरून घेतलेलं मशीनसुद्धा त्या यादीत बसेलच असं नाही. तुम्ही जे मशीन ट्रान्सलेशन वगैरे वापरत असाल ते बहुतेक इंटरनेटवर दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालतं, त्याला तुमच्या घरातला प्रोसेसर कुठला आहे याचं काही घेणंदेणं नाही.

आता मुलाचं. प्रोग्रामिंगला हे मशीन पुरून उरतं. गेमचं म्हणाल तर हलकेफुलके, जुने गेम इनबिल्ट ग्राफिक्सवर चालतील, बाकीच्यांना ग्राफिक्स कार्ड लागेल, आणि इथे एक मेख आहे जी विकणारा सांगत नाही. ही रिफर्बिश्ड मशीनं बहुतेक कंपन्यांमधून निघालेली असतात, ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर अशी नावं दिसतील, दणकट असतात, पण तीन आकारात येतात. एक पूर्ण टॉवर, एक चपटी पेटी आणि एक अगदी पुस्तकाएवढी. पुस्तकाएवढीत कार्डाला सहसा जागाच नसते. चपटीत फक्त अर्ध्या उंचीचं कार्ड बसतं. आणि टॉवरमध्ये जागा असली तरी पॉवर सप्लाय अडीचशे वॉटच्या आसपासचा, त्याचे कनेक्टर बऱ्याचदा कंपनीचे स्वतःचे, बाजारातला साधा सप्लाय बसत नाही. म्हणून ज्याला वेगळी पॉवर वायर लागत नाही, जे स्लॉटमधूनच मिळणाऱ्या ७५ वॉटमध्ये भागवतं, असंच कार्ड चालतं. जीटीएक्स १६५० मध्ये अशी मॉडेलं आहेत, पण त्याच नावाच्या काही मॉडेलना वायर लागते, तेव्हा फोटो बघून घ्यायचं. आरएक्स ६४०० पण वायरशिवाय चालतं, फक्त ते जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३ च्या (कार्डाचा स्लॉट जुन्या पिढीचा असलेल्या) बोर्डवर थोडं मंदावतं. थोडक्यात, चॉइस असेल तर टॉवर घ्या, टेबलाखाली जागा जास्त खाईल पण पुढचे दरवाजे उघडे राहतील. पुस्तकाएवढी दिसायला गोंडस असते आणि मुलगा तीन महिन्यांनी तोंड पाडून बसेल.

बघायला जाल तेव्हा मुलाला घेऊन जा, आणि एक पेन ड्राइव्ह खिशात. घाईत चालू करून बंद करून आणू नका, वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवायला सांगा आणि मागे एखादा व्हिडिओ लावून ठेवा, फॅन विमानासारखा ओरडायला लागला की समजायचं आत धूळ नाहीतर पेस्ट सुकलीय, त्यावर भाव तरी पाडता येतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्समध्ये जा, तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव येतं, बाहेरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका, स्टिकर चिकटवायला काय लागतं. नावाच्या शेवटी टी असेल तर तो कमी विजेचा, थोडा हळू, हे माहीत असू द्या. तिथेच रॅमची पट्टी एक आहे की दोन तेही दिसतं. पेन ड्राइव्ह एकेका यूएसबी खाच्यात घालून बघा, पुढचे दोन हमखास ढिले झालेले असतात. मशीन बंद करून परत चालू करा आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, शिरून बघा, पासवर्ड मागितला आणि विकणाऱ्याला माहीत नसला तर तिथूनच परत फिरा, कारण कंपन्यांच्या मशीनवर तो मारलेला असतो आणि काढणं फार डोकेदुखीचं होतं. प्लग काढून परत लावल्यावर तारीख मागे गेली असेल तर घाबरू नका, बोर्डवरचा सीआर२०३२ चा गोल सेल संपलाय, तो कुठेही मिळतो.

डिस्कचं वय बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, पेन ड्राइव्हवर टाकूनच न्या. त्यात पॉवर ऑन अवर्स असा आकडा येतो. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे आकडा ४०,००० दिसला तर ती डिस्क साडेचार वर्षं सलग फिरलीय असं समजा, आणि तिच्यावर तुमचं काम ठेवू नका. विंडोज अ‍ॅक्टिव्हेट आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. कंपनीच्या मशीनवर आलेलं मूळ विंडोज १० चं लायसन्स बोर्डाशी बांधलेलं असतं आणि त्यावर ११ फुकट चढतं, त्यामुळे "विंडोजचे वेगळे पैसे" असं कोणी म्हणालं तर आधी विचारा, का बुवा?

मॉनिटर जुनाच वापरायचा म्हणालात. त्याच्या मागे जाऊन बघा, निळी, स्क्रूवाली, तीन ओळींत पंधरा भोकांची खाच दिसली तर ते व्हीजीए. आणि आठव्या जनरेशनच्या ऑफिस मशीनच्या पाठीवर बऱ्याचदा फक्त डिस्प्लेपोर्ट असतं. एवढ्यासाठी नवीन मॉनिटर घेऊ नका, डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए असा कन्व्हर्टर मिळतो, छोटासा असतो. फक्त दिशा नीट बघून घ्या, उलट्या दिशेचा, म्हणजे व्हीजीए ते डिस्प्लेपोर्ट, घेतला तर तो चालणार नाही आणि दुकानात परत घेतील याची खात्री नाही. पुढेमागे पैसे झाले तर मात्र प्रोसेसरच्या आधी मॉनिटर बदला, दिवसभर मूळ मजकूर डावीकडे आणि भाषांतर उजवीकडे ठेवून काम करायचं तर मोठ्या स्क्रीनने मानेला जो आराम पडतो तो कुठल्या आय९ ने पण नाही पडत.

आणि जुना डेस्कटॉप भंगारात द्यायच्या आधी त्याची हार्ड डिस्क काढून ठेवा, यूएसबीच्या डबीत घालून नव्याला जोडता येते. त्यातून ट्रान्सलेशन मेमरी, शब्दसूच्या, जुनी बिलं उतरवून घ्याच, पण फाँटचं फोल्डर पण घ्या, सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या आत फाँट्स नावाचं असतं. युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटांत टाइप केलेल्या फायली तुमच्याकडे असणारच, आणि तो फाँट नव्या मशीनवर नसला की उघडल्यावर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं, मग वाटतं फाइल करप्ट झाली, आणि ती तशीच डिलीट होते. माझ्या अशा दोन गेल्या.